मधला पल्ला

सिल्लोडहून उत्तरेला निघून अजिंठा गाव मागे टाकलं आणि घाट उतरू लागलं, की पाण्याची दिशा बदलते. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस केळणा, जुई, पूर्णा अशी वळणं घेत गोदावरीला मिळतो. घाटाखालचा वाघूर नदीतून तापीकडे जातो. या पाणलोटाच्या दोन्ही अंगांना, फार तर शे-सव्वाशे किलोमीटरच्या पट्ट्यात, माणसांनी उभारलेल्या आणि सोडून दिलेल्या जगांच्या खुणा दाटीनं पसरल्या आहेत. पश्चिमेला पितळखोरे, पूर्वेला भोकरदन. मध्ये अजिंठ्याची लेणी, जंजाळ्याची घटोत्कच लेणी, अन्व्याचा मढ, अजिंठा गावाची तटबंदी आणि वेशी, आणि 1803 साली मराठी सत्तेचं नशीब जिथे फिरलं ते असई. संस्कृती कशा उगवतात, कशा खचतात आणि पुढच्या काळाचं चित्र कसं रंगवतात, हा प्रश्न या पट्ट्यात उभं राहून विचारावा, एवढीच या पुस्तकाची इच्छा आहे.

प्रश्न जुना आहे आणि मोठ्या माणसांनी तो हाताळला आहे. इब्न खल्दूननं 1377 साली उत्तर आफ्रिकेत बसून राजघराण्यांचं आयुष्य तीन पिढ्यांत मोजलं. वाळवंटातून आलेल्या टोळीची एकजूट शहराच्या सुखात विरघळत जाते, असा त्याचा सिद्धांत. श्पेंगलरनं पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपच्या अस्ताबद्दल लिहिताना संस्कृतीला जन्म, तारुण्य आणि वार्धक्य असलेला जीव मानलं. टॉयन्बीनं 1934 ते 1961 या काळात बारा खंड लिहून आव्हान आणि प्रतिसाद यांचं गणित मांडलं. मराठीत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ 1951 साली आला, आणि पु. ग. सहस्रबुद्धे यांनी ‘महाराष्ट्र संस्कृती’त सातवाहनांपासूनचा हिशेब मांडला. या सगळ्यांचं ऋण मान्य करूनही एक मतभेद सुरुवातीलाच नोंदवतो. संस्कृतीला वय असतं, ही कल्पना मला घातक वाटते. ऱ्हास म्हणजे म्हातारपण असं एकदा ठरवलं की कुणालाच जाब विचारता येत नाही. फक्त शोक करता येतो. अजिंठ्याच्या दगडात जे दिसतं ते म्हातारपणासारखं मुळीच नाही.

अजिंठ्याला एक नाही, दोन आयुष्यं आहेत. पहिलं सातवाहनांच्या काळातलं, इसवी सनापूर्वीच्या शतकांतलं: क्रमांक 9 आणि 10 चे चैत्य, 12 आणि 13 चे विहार. क्रमांक 10 च्या चैत्याचं दर्शनी तोंड वासिठीपुत कटहादी नावाच्या माणसानं दान दिलं, क्रमांक 12 मध्ये घनामदड नावाच्या व्यापाऱ्याचा लेख आहे. पितळखोऱ्यात गेलं तर हा मेळा आणखी मोठा होतो. पैठणच्या गंध्यांच्या घराण्यातला मित्रदेव तिथे खांबाचा दाता आहे, राजवैद्याच्या कुटुंबाची दानं आहेत, आणि तिथे सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्या कण्हदास नावाच्या सोनाराचं नाव कोरलेलं आहे. सोनार दगड कोरतो आणि आपलं नाव त्यावर ठेवतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या समाजात अत्तराचा व्यापारी एका खांबापुरता पैसा देऊ शकतो आणि त्या खांबाला जागा मिळते, त्या समाजात डोंगर कोरण्याचं काम कुण्या एकाच्या मर्जीवर टांगलेलं नसतं.

दुसरं आयुष्य पाचव्या शतकातलं, वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचं. वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशीम. राजा हरिषेण. त्याचा अमात्य वराहदेव यानं क्रमांक 16 चा विहार कोरवला आणि जंजाळ्याच्या डोंगरात घटोत्कच लेणंही त्याचंच. क्रमांक 17 च्या लेखात या प्रदेशाच्या मांडलिक राजघराण्याची वंशावळ आहे. क्रमांक 26 चा भव्य चैत्य बुद्धभद्र या भिक्षूनं उभा केला, पण हा भिक्षू अश्मक राज्याच्या मंत्र्याचा जिवलग मित्र असल्याचं त्याचाच लेख सांगतो. म्हणजे राजा, अमात्य, मांडलिक, मंत्र्याचा मित्र. जगानं ज्याला अजिंठा म्हणून डोक्यावर घेतलं, ती चित्रं, तो बदख्शानच्या खाणीतून आलेला निळा रंग, ते पद्मपाणी आणि वज्रपाणी, हे सगळं प्रामुख्यानं मूठभर दरबारी घरांच्या आधारावर उभं होतं.

वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्याची पन्नासहून अधिक वर्षं या लेण्यांना दिली. 2019 साली ते वारले. दार फिरण्यासाठी दगडात पाडलेली भोकं, छतातल्या माळांचे आकडे, दिव्यांच्या काजळीचे थर अशा बारीक खुणांवरून त्यांनी सांगितलं की हे सारं दुसरं आयुष्य साधारण इ.स. 462 ते 480 एवढ्यात आटोपलं. हरिषेण वारल्यावर वर्षभर घाईनं मूर्ती पुऱ्या करण्याची धडपड दिसते आणि मग छिन्नी थांबते. सगळ्यांना हे पटत नाही. वा. वि. मिराशींनी हरिषेणाचा काळ इ.स. 475 ते 500 धरला होता, आणि काम सहाव्या शतकातही चालू राहिलं असं मानणारे अभ्यासक आहेत. मला स्वतःला स्पिंक यांचं वर्षावर्षाचं वेळापत्रक जरा जास्तच घट्ट वाटतं. पण कुणाचीही कालगणना घेतली तरी क्रमांक 24 तसंच अर्धवट राहतं. ते पुरं झालं असतं तर इथल्या सर्वांत मोठ्या विहारांत गणलं गेलं असतं. जवळच्याच विहारांत त्या काळची सर्वांत तयार चित्रकला आहे. ज्या पिढीचा हात इतका चालत होता तिला वार्धक्य कसं म्हणायचं? हात शाबूत होते, त्यांच्यामागे उभं राहणारं कुणी उरलं नव्हतं.

या पडझडीची एक गोष्टही आपल्याकडे आहे. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तल्या विश्रुताच्या कथेत विदर्भाचा राजा पुण्यवर्मा वारतो आणि त्याचा बुद्धिमान पण दंडनीतीकडे पाठ फिरवलेला मुलगा अनंतवर्मा गादीवर येतो. म्हातारा मंत्री वसुरक्षित त्याला समजावतो. विहारभद्र नावाचा खुशमस्कऱ्या त्या उपदेशाची यथेच्छ टर उडवतो. मग अश्मकाकडून आलेला चंद्रपालित शिकार, जुगार, मद्य यांचे गुण गातो, मांडलिक फुटतात, राजा मारला जातो. ही वाकाटकांच्या अंताची आठवण आहे असं मिराशींनी दाखवलं आणि स्पिंक यांनी त्यावर इमारत रचली. त्यात इतिहास किती हा वाद बाजूला ठेवू. ऱ्हासाचं कारण राजाच्या व्यसनात शोधण्याची ओढ किती जुनी आहे, हे या कथेतून दिसतं. तीच ओढ आजही आहे: पिढी बिघडली, संस्कार गेले, म्हणून हे दिवस आले. पण एका माणसाच्या व्यसनानं जर डोंगरभर चाललेलं काम थांबत असेल, तर आधी विचारायला हवं की इतकं सगळं एका माणसावर का सोपवलं होतं.

आता भविष्याबद्दल. अजिंठ्याच्या लोकांना भविष्य दिसत नव्हतं असं कुणी म्हणू शकणार नाही. क्रमांक 17 च्या मुख्य दारावरच्या पट्टीत आठ आकृती ओळीनं रंगवल्या आहेत: होऊन गेलेले सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय, अजून यायचा असलेला, राजकुमाराच्या वेशातला. विहारात पाऊल टाकणारा प्रत्येकजण त्या न आलेल्या बुद्धाखालून जात असे. आणि बुद्धभद्राच्या लेखात डोंगरात स्मारक का कोरावं याचं कारण दिलं आहे: चंद्र-सूर्य असेपर्यंत ते टिकेल आणि स्मरण टिकेल तोवर माणूस स्वर्गात सुखी राहील. भविष्याची दृष्टी याहून लांबची कुठली असणार? आणि दुसऱ्या टोकाला रोजचं भविष्यही होतं: उद्याची भिक्षा, पुढचा वर्षावास, यंदाचा पाऊस.

या दोन टोकांच्या मध्ये एक पल्ला असतो. नातवंडांचा पल्ला म्हणू. राजा गेला तर मजुरी कोण देणार, चितारी दुसरीकडे गेले तर रंग घोटायला कुणाला शिकवून ठेवायचं, मांडलिक फुटले तर भिक्षूंची सोय कशी लागणार. अजिंठ्याच्या दुसऱ्या आयुष्यात दोन्ही टोकं झळाळती आहेत आणि हा मधला पल्ला रिकामा आहे. या पुस्तकातले सगळे निबंध शेवटी याच एका विचाराभोवती फिरतात. दूरचं स्वप्न सगळ्याच संस्कृतींना पडतं, उद्याची चिंताही सगळ्यांनाच असते. तीस-चाळीस वर्षांनंतरच्या माणसांसाठी आज कोण काय करून ठेवतं, यावर त्यांचं टिकणं ठरतं.

याच वाकाटकांच्या राज्यात या पल्ल्याचं एक काम झालं होतं. वाशीम जिल्ह्यात हिस्सेबोराळा इथे हरिषेणाच्या आधीच्या देवसेनाच्या काळातला, शक 380 म्हणजे इ.स. 458 च्या सुमाराचा लेख सापडला. त्यात राजाच्या एका अधिकाऱ्यानं सुदर्शन नावाचा तलाव बांधल्याची नोंद आहे. अजिंठ्याची चित्रं पाहायला जग येतं आणि या तलावाचं नाव अभ्यासकांबाहेर कुणाला ठाऊक नसतं. मला दोन्ही एकाच बैठकीत शिकवली जावीत असं वाटतं.

आता वाचक एक आक्षेप घेईल आणि तो घ्यायलाच हवा. पितळखोऱ्याचे ते गंधी, वैद्य, सोनार एवढे पुष्कळ हात होते, तर अजिंठ्याचं पहिलं आयुष्य तरी का थांबलं? पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात तीन-चार शतकांचं अंतर आहे. हे खरं आहे, आणि पुष्कळ हात असले की काही कधीच थांबत नाही असा माझा दावा नाही. व्यापाराच्या वाटा बदलल्या की दानही आटतं, हे दामोदर धर्मानंद कोसंबींनी लेण्यांच्या आणि घाटवाटांच्या संबंधातून दाखवून दिलं. पण पाचव्या शतकात लोक परत आले तेव्हा क्रमांक 9 आणि 10 चे जुने चैत्य त्यांनी नव्यानं रंगवले, खांबांवर बुद्ध काढले. जुन्यांनी ठेवलेलं घर नव्यांना राहता आलं.

सत्ता पडली की संस्कृती पडते, हे समीकरण किती कच्चं आहे ते तेराव्या-चौदाव्या शतकात दिसतं. 1296 साली अल्लाउद्दीन देवगिरीवर आला आणि पुढच्या दोन दशकांत यादवांचं राज्य संपलं. अन्व्याच्या मढासारखं देखणं कोरीवकाम करणाऱ्या कारागिरांचा आश्रय त्याबरोबर गेला. पण 1290 साली ज्ञानेश्वरी लिहून झाली होती, चक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी गोळा केल्या होत्या, आणि नामदेव राज्य बुडाल्यानंतरही कित्येक वर्षं गात होते. जे राजाच्या खजिन्यावर चाललं होतं ते थांबलं; जे दळताना, चालताना, कीर्तनात लोकांच्या तोंडी बसलं होतं ते थांबण्याचं कारण नव्हतं. मात्र तोंडी बसलेलं आपोआप टिकतं असंही नाही. हातोहात फिरताना पोथीत चुका शिरल्या, भर पडली. म्हणून पैठणच्या एकनाथांनी शक 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, वेगवेगळ्या प्रती पाहून ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. मूळ ग्रंथानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी. स्वतःच्या ग्रंथांनी मोठा झालेला कवी दुसऱ्याचा ग्रंथ ओवी-ओवीनं पुसून लखलखीत करायला बसतो, याला मी मराठी संस्कृतीतला सर्वांत मोठा प्रसंग मानतो. तो गाजावाजा नसलेला आहे, म्हणून शाळेच्या पुस्तकात एका ओळीत आटपतो.

असईवर या पुस्तकात स्वतंत्र निबंध आहे, म्हणून इथे थोडक्यात. 23 सप्टेंबर 1803 रोजी केळणा आणि जुईच्या दुआबात शिंद्यांची कवायती पायदळं आणि तोफखाना आर्थर वेलस्लीपुढे उभा होता. तोफा उत्तम होत्या, गोलंदाज तोफांजवळच कापले गेले, इंग्रजांचीही दीड हजारांवर माणसं मेली वा जखमी झाली. पण त्या फौजेचं डोकं भाड्याचं होतं. युरोपीय अंमलदारांपैकी कित्येकजण इंग्रजांच्या आवाहनानंतर आधीच निघून गेले होते. महादजी शिंद्यांनी नवी विद्या आणली. ती आपल्याच घरातल्या मुलांच्या हाती सोपवायला लागणारी एक पिढी मिळाली नाही, की दिली गेली नाही, यावर त्या निबंधात सविस्तर वाद आहे.

आपल्या काळाकडे येताना मला 1950 साल सर्वांत आधी आठवतं. निजामाचं राज्य जाऊन दोन वर्षं झाली होती. मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हती. त्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय औरंगाबादला सुरू केलं, ज्याला पुढे मिलिंद हे नाव मिळालं. खेड्यापाड्यांतून, गावकुसाबाहेरून मुलं या महाविद्यालयाच्या नागसेनवन परिसरात आली आणि पंधरा-वीस वर्षांत त्यांच्यातून लेखक, प्राध्यापक, चळवळी उभ्या राहिल्या. मधल्या पल्ल्याचा याहून नेमका दाखला मला सापडत नाही. आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला जी धम्मदीक्षा झाली, तिच्यामुळे अजिंठ्यालाही तिसरं आयुष्य लाभलं. शतकानुशतकं या लेण्यांत पुजारी नव्हता, उपासक नव्हता. 1819 साली जॉन स्मिथनं क्रमांक 10 च्या खांबावर आपलं नाव खरवडलं. त्यानंतर चित्रकार आले, छायाचित्रकार आले, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींसारखे कलाप्रेमी राजे आले. सगळे पाहायला आले. आज क्रमांक 26 मधल्या महापरिनिर्वाणाच्या मूर्तीसमोर मराठवाड्यातलीच, विदर्भातलीच कुटुंबं हात जोडून उभी असतात. ज्या संस्कृतीला इतिहासकारांनी मृत म्हणून नोंदवलं होतं तिला माणसांनी पुन्हा आपलं म्हटलं. श्पेंगलरच्या जन्म-मरणाच्या हिशेबात ही घटना बसत नाही.

दुसरं साल बहात्तर. सिल्लोड, भोकरदन, कन्नडच्या गावांत म्हातारी माणसं अजूनही वयं बहात्तरच्या दुष्काळावरून सांगतात: तेव्हा मी खडी फोडायला जायचे, तेव्हा हा पोटात होता. मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली. पण पूर्वीच्या दुष्काळांसारखी गावंच्या गावं ओस पडली नाहीत. दुष्काळी कामांवर लाखो हात लागले, पाझर तलाव झाले, रस्ते झाले, आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या रोजगार हमीचा 1977 साली महाराष्ट्रात कायदा झाला. संकटातून एक हक्क जन्माला आला आणि 2005 साली तो देशाचा कायदा झाला. त्या पाझर तलावांत आज किती गाळ आहे, तो कोण काढतं, कापूस-मका-मिरचीच्या या तालुक्यांत दरवर्षी आणखी खोल जाणाऱ्या बोअरला कोण आवर घालतं, हे प्रश्न मी संस्कृतीच्या पुस्तकात मुद्दाम घातले आहेत. त्यांना शेतीखात्याचे प्रश्न म्हणून बाहेर ठेवणं मला मान्य नाही.

याच्याच जोडीला एक अवघड गोष्ट लिहिणं भाग आहे. मराठवाड्यानं गेली चाळीसेक वर्षं आपलं भविष्य अनुशेषाच्या भाषेत मांडलं. 1983 साली नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीनं विभागांमधलं अंतर मोजून दाखवलं, आणि ती मोजणी आवश्यक होती. मागणं रास्त होतं आणि आहे. पण अनुशेष म्हणजे दुसरे जिथे आहेत तिथवरचं अंतर. तो भरून निघाला तर आपण तिथे पोचू जिथे ते आधीच आहेत. आपल्याला कुठे जायचं आहे, याचं उत्तर त्या आकड्यांत नाही. सिल्लोडच्या महाविद्यालयात शिकणारी मुलगी वीस वर्षांनंतरच्या याच गावाचं चित्र काढू शकते का, की तिच्या चित्रात पुणेच येतं? तिच्याजवळ चित्र नसेल तर दोष तिचा नाही. तिला ते काढायला कुणी सांगितलं नाही, आणि काढलेलं कुणी पाहिलं नाही.

या पुस्तकात तत्त्वज्ञान आहे, पण ते जागोजागी अडकलेलं आहे. वेगळं काढून दिलेलं नाही. निबंध कालक्रमानं लावलेले नाहीत. सुरुवात भोकरदनपासून केली आहे, कारण तिथे उगवणं आणि मावळणं सर्वांत उघड दिसतं. आज तालुक्याचं गाव असलेलं हे ठिकाण म्हणजे प्राचीन भोगवर्धन. इथल्या दात्यांची नावं सांचीच्या आणि भारहुतच्या स्तूपांवर कोरलेली आहेत. नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून इथे उत्खनन केलं तेव्हा हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. तिचं रूप इ.स. 79 मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी जुळतं. केळणेच्या काठावर घडलेला हात आणि इटलीतलं घर यांच्यात किती बैलगाड्या, किती गलबतं, किती दलाल, किती विश्वास लागला असेल याचा अंदाज पहिल्या निबंधात बांधला आहे. वाचकानं नकाशा जवळ ठेवावा. आणि ज्यांना जमेल त्यांनी वाचण्याआधीच एकदा भोकरदनच्या पांढरीवर फिरून यावं, म्हणजे माझ्याशी वाद घालायला त्यांच्याकडे स्वतःचं काही असेल.